हसनाबादचा मुक्काम

प्रवासवर्णनें लिहिण्याची आपल्याकडील वहिवाट अशी आहे कीं, ज्या क्षेत्रीं जावयाचें त्याचें सविस्तर वर्णन करावें आणि वाटेंत लागणाऱ्या गांवांचीं नांवें तेवढीं सांगून पुढें सरकावें. काशी, रामेश्वर, बदरीनारायण यांवर आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आम्हीं भर घालण्याचें कांहीं प्रयोजन उरलेलें नाहीं. म्हणून आज आम्ही एका वाटेवरच्या गांवाविषयींच लिहावयाचें योजिलें आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत हसनाबाद म्हणून गांव आहे. तेथें आमचा एक रात्र मुक्काम घडला. तो ठरवून घडला नाहीं. बोटभर लांबीच्या दोन लोखंडी तुकड्यांनीं तो घडविला. त्या मुक्कामांत जें पाहिलें तें, ज्यांच्या दारीं एखादें जुनें वाहन उभें आहे अशा प्रत्येक कुटुंबाच्या कामीं पडण्यासारखें आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

हसनाबाद हें नांव फारशी वळणाचें. 'आबाद' म्हणजे वसलेलें, नांदतें. औरंगाबाद, दौलताबाद, खुलताबाद हीं याच कुळांतलीं. नकाशांत शोधूं जाणाऱ्यास दुसरें एक हसनाबाद बंगालमध्यें इच्छामती नदीच्या कांठीं सांपडतें, आणि तेथें आगगाडीचा फांटा येऊन संपतो. आपल्या हसनाबादेस आगगाडी नाहीं. ती गांठावयाची तर जालन्यास जावें लागतें. निजामाच्या अमलांत हा सारा मुलूख होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो अंमल संपला, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा काढण्यांत आला तेव्हां भोकरदन तालुक्याबरोबर हें गांवहि औरंगाबाद जिल्ह्यांतून तिकडे गेलें. गांव जागचें हाललें नाहीं. कचेऱ्या मात्र हालल्या.

गिरिजा नदीच्या खोऱ्याचा हा प्रदेश. संस्कृताचें अध्ययन केलेल्या मनुष्यास नदीचें हें नांव ऐकूनच बरें वाटतें, आणि डोंगरांतून उतरून पूर्णेस मिळावयास निघालेल्या नदीस तें शोभतेंहि. मार्गशीर्षांत या बाजूस गेलें असतां दोन्हीं बाजूंस काळी जमीन, तिच्यावर वेंचणीस आलेला कापूस, मधूनच पिवळ्या फुलोऱ्यानें भरलेली तूर आणि नुकती वर आलेली ज्वारी असा देखावा दिसतो. देखावा भव्य नव्हे. पण डोळ्यांस निववणारा खास. इतिहासाची आवड असणारांनीं तालुक्याच्या गांवाकडे, म्हणजे भोकरदनकडे, वांकडी वाट करावी. तेंच प्राचीन भोगवर्धन. भारहूत व सांची येथील स्तूपांना दान देणाऱ्या लोकांच्या लेखांत या नगराचें नांव कोरलेलें आहे. १९७३ सालीं नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनीं तेथें उत्खनन केलें, त्यांत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति मिळाली. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. त्या राखेंतून निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशीं हिचें साम्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं या आडबाजूच्या मुलखांतील कारागिरांचा माल कोठवर जात असेल, याची यावरून कल्पना करावी. असो. कारागिरांचा विषय पुढें यावयाचाच आहे.

आम्हीं निघालों होतों राजूरास. तेथील गणपति मराठवाड्यांत सुप्रसिद्ध आहे. वरेण्य राजास गजाननानें गणेशगीता सांगितली ती याच ठिकाणीं, अशी परंपरा सांगते. गेल्या मार्गशीर्षांतील संकष्टी चतुर्थीस तेथें चंद्रोदयापूर्वीं पोंचावें, असा आमच्या थोरल्या वहिनींचा पुष्कळ दिवसांचा संकल्प होता. वहिनींचें वय बहात्तर. त्यांच्यासमवेत आमचें कुटुंब, धाकटी सून, दहा व सात वर्षांचीं दोन नातवंडें, सारथ्यास पुतण्या, आणि आम्हीं, अशीं एकंदर सात माणसें. ज्या शहरास आयुष्यभर औरंगाबाद म्हणत आलों व ज्याचें नांव २०२३ पासून सरकारी दप्तरीं छत्रपति संभाजीनगर झालें, तेथून सकाळीं निघून, फुलंब्री मागें टाकून, पूर्वेस राजूरच्या रोखानें चाललों होतों.

आमची व्हॅन पेट्रोलवर चालणारी, वीस वर्षांहून जुनी. ती कोणत्या कारखान्याची हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण जें झालें तो दोष वयाचा होता. अशा जुन्या व्हॅनींचें एक वैशिष्ट्य मात्र सांगितलें पाहिजे: त्यांचें इंजिन नाकाडांत नसतें, तर पुढच्या आसनांखालीं, एका पत्र्याच्या झांकणाआड असतें. म्हणजे चूल आणि माजघर यांच्यामध्यें एका पत्र्याचाच काय तो आडपडदा. महिनाभर सकाळीं गाडी सुरू करतांना त्या झांकणाखालून टक्-टक् असा बारीक आवाज येई आणि चार-पांच मैल गेल्यावर तो आपोआप थांबे. जो आवाज आपोआप थांबतो त्याच्या मागें कोणी लागत नाहीं. त्या दिवशीं तो थांबला नाहीं. थंडी असल्यामुळें कांचा बंद होत्या. फुलंब्री सोडल्यानंतर वहिनींचें डोकें दुखूं लागलें. ती त्यांनीं उपासाची बाधा मानली. नातीस मळमळूं लागलें. तिला गाडी लागली असें सर्वांनीं ठरविलें. नातू झोंपीं गेला. पहांटे उठविल्यामुळें त्याला झोंप आली, हेंहि सर्वांस पटलें. अशा रीतीनें प्रत्येक लक्षणास एक-एक निराळें आणि अगदीं सयुक्तिक कारण मिळालें, आणि आम्ही हसनाबादेस चहासाठीं थांबलों.

रस्त्याच्या कडेस एका निंबाखालीं पत्र्याचें छप्पर घातलेलें गॅरेज होतें. तेथील मिस्त्री साठीच्या घरांतले. सारा गांव त्यांस चाचा म्हणतो, म्हणून आम्हींहि तसेंच म्हणतों. लहानपणीं जालन्यास एका कारखान्यांत झाडू मारण्यापासून त्यांनीं हा धंदा उचलला. जालना आज बियाण्यांसाठीं आणि लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठीं सर्वत्र ठाऊक आहे; भंगार वितळवून त्याच्या सळया ओढणाऱ्या त्या गांवांत ज्याचें बालपण गेलें, त्याचा लोखंडाशीं घरोबा जमला तर नवल नाहीं. गाडी थांबतांना झालेला आवाज त्यांनीं दुरूनच ऐकला असावा. ते उठून आले, खिडकींतून आंत डोकावले आणि त्यांनीं पहिला प्रश्न इंजिनाविषयीं विचारला नाहीं.

"गुरुजी, हे पोरगं कवापासून झोपलंय?"

"तासभर झाला असेल."

"उठवा त्याला. समद्यांनी खाली उतरा. आधी भाईर मोकळ्या हवेत बसा, मग बोलू."

त्यांच्या स्वरांत असें कांहीं होतें कीं, कोणीं कारण विचारलें नाहीं. नातवास हलवून जागें करावें लागलें. तो उठला, पण क्षणभर त्याची नजर स्थिर होईना. झांकण काढून चाचांनीं बॅटरीचा झोत आंत टाकला. इंजिनाच्या एका अंगास काजळीचा काळा फरांटा उमटला होता. चाचांनीं बोट लावून तो आम्हांस दाखविला. मुलांस व वहिनींस गांवांतील दवाखान्यांत नेलें. डॉक्टरांनीं तपासून, तासाभरानें पुन्हां तपासून, धोका टळल्याचें सांगितलें. मात्र आणखी तासभर तसेंच गेलां असतां तर हें बोलणें इतकें सोपें झालें नसतें, असेंहि ते म्हणाले.

येथें थोडें शास्त्र सांगणें अवश्य आहे. पेट्रोल जळून जो वायु बाहेर पडतो त्यांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा एक विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं आणि वासहि नाहीं; धुराचा जो वास येतो तो त्याच्या सोबत्यांचा. आपल्या रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून नेला जातो, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून बसतो. परिणामीं माणूस श्वास घेत असतो, आणि शरीर आंतून गुदमरत असतें. आरंभीं डोकेंदुखी, मळमळ, सुस्ती; पुढें गाढ झोंप; आणि ती झोंप मोडली नाहीं तर मृत्यु. वाहनांत बसलेल्या एकाहून अधिक माणसांस एकाच वेळीं डोकेंदुखी व सुस्ती येऊं लागली, तर ती उपासाची किंवा जागरणाची न मानतां तत्काळ गाडी थांबवून सर्वांस बाहेर काढावें. आमच्या लेखांतील बाकी सर्व कोणी विसरला तरी चालेल. एवढें मात्र घरांतील गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास सांगून ठेवावें.

आतां त्या काजळीच्या फरांट्याकडे वळूं. इंजिनाच्या सिलिंडरांतून निघालेला जळका वायु गोळा करून सायलेन्सरच्या नळींत सोडणारा एक बिडाचा जाड, अनेक तोंडांचा नळा असतो. त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. हा नळा इंजिनाच्या माथ्यास, म्हणजे हेडला, स्टडांनीं जखडलेला असतो. स्टड म्हणजे दोन्हीं टोकांस आटे पाडलेला, माथा नसलेला बोल्ट. त्याचें एक टोंक हेडांत रुतलेलें असतें आणि दुसऱ्यावर नट बसतो. आमच्या गाडीस असे आठ स्टड होते. त्यांपैकीं अगदीं पुढचा एक आणि अगदीं मागचा एक असे दोन तुटले होते. त्यामुळें मॅनिफोल्डचीं टोंकें हेडपासून किंचित् सुटलीं आणि विषारी वायु सायलेन्सरकडे जाण्याऐवजीं फटींतून निघून झांकणाखालून थेट आमच्यांत येत होता.

टोंकाचेच स्टड कां तुटावेत, हें आम्हीं चाचांस विचारलें. त्यांनीं दोन्हीं हातांचे पंजे एकावर एक ठेवले आणि वरचा पंजा पुढें-मागें सरकवून दाखविला. त्याचा अर्थ आम्हीं रात्रीं कागदावर मांडून पाहिला. मॅनिफोल्डची लांबी ४० सेंटिमीटर धरली आणि तो ४५० अंशांपर्यंत तापला असें मानलें, तर तो सुमारें २ मिलिमीटर वाढतो. ज्यावर तो बसविलेला असतो तें ॲल्युमिनियमचें हेड पाण्यानें थंड ठेवलेलें असल्यामुळें १०० अंशांच्या आसपासच राहतें आणि एक मिलिमीटरहि वाढत नाहीं. म्हणजे प्रत्येक प्रवासांत वरचा नळा खालच्या हेडवरून मिलिमीटरभर सरकूं पाहतो. मधल्या स्टडांस याची झळ कमी, टोंकांच्या स्टडांस सर्वांत अधिक. नवें असतांना भोंकांत थोडी जागा सोडलेली असते, त्यामुळें हें सरकणें निभावतें. पण गंज चढून सर्व एकजीव झालें म्हणजे टोंकाचा स्टड प्रत्येक खेपेस किंचित् वांकतो आणि पुन्हां सरळ होतो. तार इकडे-तिकडे वांकवीत राहिल्यास जी गत होते तीच त्याची होते. सकाळचा तो टक्-टक् आवाज याच फटीचा. नळा तापून फुगला म्हणजे फट मिटते व आवाज थांबतो. म्हणून तो थांबला यांत समाधान मानण्यासारखें कांहीं नव्हतें.

दुपारचा एक वाजला होता. पुतण्याचें म्हणणें असें पडलें कीं, राजूर आतां फार दूर नाहीं, कांचा उघड्या ठेवून जाऊं, दर्शन घेऊं आणि दुरुस्ती उद्यां शहरांत करूं. चाचांनीं मान हलविली. "काचा उघड्या ठिवल्या म्हंजी धूर भाईर जाईल आसं नाई. गाडी पळती तवा खालचा वारा आत वढला जातो. मोठ्या माणसांचं तुम्ही बघा, पण लेकरं नका घालू त्यात." मग दुसरा विचार निघाला कीं, भाड्याची जीप करून वहिनींस तेवढें पुढें धाडावें. वहिनी निंबाच्या पारावर बसल्या होत्या. त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, संकल्प मी केला तो सर्वांना घेऊन जायचा. नातू डोळे उघडेना तेव्हां मी जें मागितलें तें गणपतीनें येथेंच दिलें. चंद्र हसनाबादेसहि उगवेल. उद्यां जाऊं." यावर वाद संपला. संकष्टीचें दर्शन हुकणें ही वहिनींच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हे. सून सांगते कीं, तोंड फिरवून त्यांनीं पदरानें डोळे टिपले.

चाचांच्या कामाचें वर्णन करावयाचें तर आम्हांस सुश्रुताची आठवण करणें भाग आहे. शस्त्रक्रियेस आपण शल्यक्रिया म्हणतों, पण 'शल्य' याचा मूळ अर्थ शरीरांत रुतून बसलेली परकी वस्तु, विशेषतः बाणाचें टोंक. तें बाहेर काढण्याची विद्या तें शल्यतंत्र. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत एकशें एक यंत्रें वर्णिलीं आहेत. त्यांतले चिमटे सिंह, कंक इत्यादि पशुपक्ष्यांच्या मुखांच्या आकाराचे असून, कंकमुख यंत्र सर्वांत उपयुक्त मानलें आहे. आणि इतकीं यंत्रें सांगितल्यावर आचार्य म्हणतात कीं, हात हेंच सर्वांत प्रधान यंत्र. शल्य काढण्याचे पंधरा उपायहि तेथें आहेत, आणि अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हा त्यांपैकींच एक. हें सर्व आम्हीं पूर्वीं पुस्तकांत वाचलें होतें. हेडांत मोडून रुतलेलें लोखंड काढतांना मात्र प्रथमच पाहिलें.

चाचांनीं प्रथम बॅटरीची तार सोडली, कारण विजेचें वेल्डिंग करतांना ती जोडलेली राहिल्यास गाडीचीं विजेचीं उपकरणें जळण्याची भीति असते. मग आठहि स्टडांच्या मुळाशीं गंज सोडविणारें तेल सोडलें आणि ते चक्क उठून जेवावयास गेले. पुतण्या चुळबुळ करूं लागला. तासाभरानें येऊन त्यांनीं पुन्हां तेल सोडलें, हातोडीनें प्रत्येक नटावर अगदीं हलके ठोके दिले आणि चहा मागविला. एका पोरास मोटरसायकलीवर भोकरदनला धाडून नवे स्टड, गॅस्केट आणि पितळेचे नट आणावयास सांगितलें. पितळेचेच कां, असें विचारतां म्हणाले, "लोखंडाचा नट लोखंडाशी गंजून एक होतो. पितळ सुटतं. पुढच्या मिस्त्रीनं माझ्या नावानं बोटं मोडू नाई." जो मिस्त्री आणखी दहा वर्षांनीं ही गाडी उघडील, आणि जो बहुधा दुसऱ्याच गांवींचा असेल, त्याची काळजी आज वाहणारा मनुष्य आम्हांस त्या दिवशीं भेटला.

तिसरे प्रहरीं नट निघाले, मॅनिफोल्ड उतरला. पुढच्या तुटक्या स्टडाचें टोंक हेडबाहेर चार-पांच मिलिमीटर आलेलें होतें. चाचांनीं त्यावर एक मोठा नट ठेवला आणि नटाच्या पोकळींत वेल्डिंग करून नट व टोंक एकजीव केलें. पोलादी वेल्डिंगचा रस ॲल्युमिनियमला धरत नाहीं, त्यामुळें हेड सुरक्षित राहतें. शिवाय त्या आंचेनें स्टडाभोंवतींचा गंज तडकतो. लाली मावळली तेव्हां त्यांनीं खिशांतून मेणबत्तीचा तुकडा काढून स्टडाच्या मुळाशीं टेकविला. मेण वितळून आट्यांत शोषलें गेलें. मग पाना लावला, आणि आमचें लक्ष वेधलें तें येथें: सोडविण्याच्या दिशेनें न फिरवतां त्यांनीं प्रथम केंसभर आवळण्याच्या दिशेनें फिरविला. मग उलट, मग पुन्हां सुलट. सुश्रुतानें शल्य काढण्याच्या अनुलोम आणि प्रतिलोम अशा दोन दिशा सांगितल्या आहेत. चाचा दोन्हीं आलटून-पालटून वापरीत होते. पांच-सात मिनिटांनीं कुरकुर करीत स्टड वळूं लागला आणि निघाला. आम्हांस राहवेना, सुश्रुताची सर्व हकीकत त्यांस सांगितली. त्यांनीं ती मन लावून ऐकली आणि विचारलें, "त्यांच्याकडं वेल्डिंग नव्हतं ना? मग त्यांचं काम अवघड."

मागचा स्टड आंतच, पृष्ठभागाच्याहि खालीं, मोडला होता. त्यावर नट बसणें शक्य नव्हतें. तोंवर दिवस मावळला. दिव्याच्या उजेडांत छिद्र पाडण्यास चाचांनीं साफ नकार दिला. ड्रिल मध्य सोडून जरा तिरपें गेलें तर मऊ ॲल्युमिनियमांत शिरतें, आणि हेडच्या आंत पाण्याचे मार्ग असतात. त्यांत भोंक पडल्यास सारें हेडच उतरवून जालन्यास लेथवर न्यावें लागेल.

तेव्हां रात्र हसनाबादेस काढावयाची हें निश्चित झालें. गॅरेजच्या पाठीमागें एका शेतकरी कुटुंबाचें घर आहे. त्या माउलीनें न मागतां ओसरी झाडून दिली. उपासाचे आहेत असें कळतांच उकडलेलीं रताळीं, शेंगदाणे व म्हशीचें दूध आणून ठेविलें आणि मुलांपुढें ज्वारीची भाकरी व तुरीच्या शेंगांची भाजी वाढली. नऊच्या सुमारास चंद्र वर आला. वहिनींनीं ओसरीवर पाटावर सुपारी मांडून पूजा केली आणि चंद्रास अर्घ्य दिलें. नातू या वेळीं टक्क जागा होता आणि प्रसादाच्या गुळाचा दुसरा खडा मागत होता. वहिनींनीं त्याला तिसराहि दिला. त्या घरच्या दोन मुली पूजा पाहावयास येऊन बसल्या होत्या. धाकटी दहावींत आहे असें कळल्यावर आमच्यांतला मास्तर जागा झाला आणि तिच्याकडून संस्कृताचीं विभक्तिरूपें म्हणवून घेतलीं. चतुर्थीस ती अडखळली, पण षष्ठी चोख म्हटली.

सकाळीं सूर्य वर येऊन गॅरेजांत सरळ उजेड पडल्यावर चाचा दुसऱ्या शल्याकडे वळले. मोडलेल्या टोंकाचा पृष्ठभाग त्यांनीं लहान कानशीनें सपाट केला. मग भिंग लावून, तीन वेळां मोजून, बरोबर मध्यावर पंचाची एक खूण केली. या एका खुणेस अर्धा तास लागला. नंतर सर्वांत बारीक ड्रिलनें छिद्र पाडलें, मग त्याहून जाड. ड्रिल उलट्या फिरकीचें होतें. चावतां चावतां स्टडच सुटून बाहेर यावा हा त्यांतला हेतु. येथें तो सफल झाला नाहीं. आम्हांस वाटलें, आतां त्यांच्या पेटींत दिसत असलेलें उलट्या आट्यांचें निमुळतें हत्यार ते काढतील. छिद्रांत ठोकून फिरविलें कीं तुटका स्टड त्याबरोबर यावा यासाठींच तें असतें. पण त्यांनीं त्यास हात लावला नाहीं. "हे आत मोडलं तर ड्रिलपेक्षा कडक. मग ते कोण काढणार?" असें म्हणून ते ड्रिलचा आकार वाढवीत गेले, इतका कीं स्टडाचें केवळ पातळ कवच उरलें. तें त्यांनीं बारीक छिन्नीनें आंतल्या आंत दुमडून, चिमट्यानें सालीसारखें ओढून काढलें. तो चिमटा लांब व पुढें वांकडा, बगळ्याच्या चोचीसारखा होता. कंकमुख तें हेंच, अशी आमची खात्री आहे.

आंतले आटे टॅप फिरवून साफ केले. तोंडाशींचे दोन आटे गेले होते, पण खालचे शाबूत असल्यामुळें तेवढ्यावर भागलें. तसें नसतें तर भोंक मोठें करून त्यांत आट्यांची पोलादी सळसुतळी बसवावी लागते, तीहि त्यांनीं पेटींतून काढून दाखविली. मॅनिफोल्डचा चेहरा सरळ आहे कीं नाहीं हें पोलादी पट्टी धरून, पलीकडून बॅटरी लावून पाहिलें. एका टोंकास उजेडाची रेघ दिसली. टोंक वांकलेलें होतें, आणि हें तसेंच बसविलें असतें तर नवा स्टडहि वर्षभरांत तुटला असता. जाड कांचेवर पॉलिशकागद ठेवून त्यावर तो जड नळा चाचा आणि पुतण्या यांनीं आळीपाळीनें तासभर घांसला, तेव्हां रेघ गेली. उरलेले सहा स्टड जुने पण धड होते. तरी ज्यांचें वय एक त्यांचा भरंवसा एकच, म्हणून तेहि बदलले. आट्यांना उष्णता सोसणारें तांबूस वंगण लावलें. नट मधल्यापासून आरंभ करून दोन्हीं टोंकांकडे, तीन फेऱ्यांत थोडे-थोडे आवळले. एका टोंकाकडून आवळीत गेल्यास दुसरें टोंक वर उचललें जातें.

अडीच वाजतां इंजिन सुरू झालें. टक्-टक् नव्हती. चाचांनीं झांकणाच्या कडेचें जुनें, झिजलेलें रबर काढून नवें बसविलें. त्याचे पैसे निराळे घेतले नाहींत. सर्व मिळून त्यांनीं सामानाचे आणि मजुरीचे पंचवीसशें रुपये सांगितले. पुतण्या तीन हजार देऊं लागला तेव्हां पांचशें परत केले, आणि वहिनींनीं पुढें केलेला नारळ मात्र दोन्हीं हातांनीं घेतला. ओसरीच्या माउलीनें कांहींच घेतलें नाहीं; मग आम्हीं धाकट्या मुलीस शब्दरूपावली पाठविण्याचें कबूल केलें, आणि ती पुढच्याच आठवड्यांत टपालानें धाडली.

निघतांना चाचांनीं पुतण्यास बजावलें कीं, गाडी एकदां पुरी तापून थंड झाली म्हणजे नट पुन्हां आवळावयाचे, आणि पुढें पांचशें किलोमीटरांनीं आणखी एकदां. पहिलें काम पुतण्यानें राजूरास केलें. दर्शन होऊन, वहिनींच्या एकवीस प्रदक्षिणा पूर्ण होईपर्यंत इंजिन निवालें होतें. तो झांकण उघडून पाना घेऊन बसला आणि नातू त्याच्यावर बॅटरीचा झोत धरून उभा राहिला. मधले नट जागच्या जागीं होते. टोंकांचे दोन्हीं पाव-पाव वेढा फिरले.